दोन भावांमधला बांध

मी एक जुना बांध आहे. श्रीगोंद्याहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक वस्ती आहे. तिथल्या दोन वावरांच्या मधोमध मी आडवा पडलेला असतो. मित्रांनो, बांध म्हटल्यावर तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. शाळेतून येताना तुम्ही आमच्या पाठीवरून धावता, बोरं तोडता, काटा मोडला की वर आम्हालाच शिव्या देता. त्याचं मला काही नाही. पण गावाकडे जेवढी डोकी फुटतात, त्यांतली बरीचशी आमच्यापायी फुटतात, हे तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. तेव्हा माझी गोष्ट गोड असेल अशी आशा धरू नका.

माझा जन्म घणाच्या घावांतून झाला. भीमा नावाचा एक तापट आणि कष्टाळू शेतकरी होता. त्याचं रान उताराचं. पाऊस आला की वरची चांगली माती धुऊन खाली ओढ्यात जायची आणि मागे उघडा मुरूम राहायचा. भीमा उतारावर उभा राहून त्या गढूळ पाण्याकडे पाहायचा, कोणी घरातली भांडी पळवून नेत असल्यासारखा संतापायचा. मग त्याने माळावरचे दगड घणाने फोडले, पहारीने उलथले, बैलगाडीत भरून आणले आणि उताराला आडवे रचले. एक मोठा दगड बसवताना त्याचा अंगठा सापडला. नख उडालं. त्याने अंगठा तोंडात धरला, रक्त माझ्यावर थुंकलं आणि पुढचा दगड उचलला. माझ्यावर पहिली ओल पडली ती त्या रक्ताची.

"ह्यो बांध हाय तवर माझी माती कुठं जात न्हाई," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ते ऐकून मी आणखी ताठ बसायचो.

आणि मी त्याचा शब्द राखला. वरून पाण्याचा लोंढा आला की मी पाठ द्यायचो. पाणी थांबायचं, निवळायचं, हळूहळू मुरायचं, आणि त्यातली गाळमाती माझ्या कुशीला बसायची. माझ्या अंगात हराळीच्या आणि पवन्या गवताच्या मुळांचं जाळं झालं होतं. ती मुळं म्हणजे माझे दोर होते. गांडुळं माझ्या पोटात रस्ते करायची, मुंग्या वारुळं करायच्या, एका मुंगसाचं तर तीन पिढ्यांचं बिऱ्हाड माझ्या दगडांत होतं. मूठभर माती उचलून कोणी हुंगली तर तिला वास यायचा. तुम्ही मला मातीचा ढीग म्हणाल, पण मी चांगला जिवंत होतो. माझ्या पाठीवरून बैलगाडी जायची, इतका मी तेव्हा रुंद होतो.

मग भीमा थकला आणि त्याने रान दोन मुलांत वाटून दिलं. वरचं वावर थोरल्या कारभारीला आणि खालचं धाकट्या मच्छिंद्रला. दोघांची घरं शेजारी, प्यायच्या पाण्याची विहीर दोघांची एकच, ती खालच्या वावराच्या कोपऱ्यात. आणि मधे मी. तोवर मी नुसता बांध होतो, आता मी हद्द झालो. त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

बांध कोरणं म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना ठाऊक नसेल. नांगरट करताना फाळ जरासा आत घालायचा आणि बांधाचा एक लचका आपल्या वावरात ओढायचा. शेजाऱ्याला कळत नाही, कळलं तरी दाखवता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कारभारी ट्रॅक्टरवाल्याला मान तिरकी करून खूण करायचा, की फाळ माझ्या बरगडीत घुसायचा. मच्छिंद्रकडे ट्रॅक्टर नव्हता. तो खालून कुदळीने मला तासायचा आणि ती माती आपल्या वाफ्यांत पसरायचा. पडीक बांधाची माती कसदार असते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. दोघेही मला खात होते आणि दोघेही सगळ्या गावाला सांगत होते की दुसऱ्याने बांध खाल्ला. बैलगाडीचा रस्ता जाऊन माझी पायवाट झाली, तरी त्यांचं पोट भरेना.

एका उन्हाळ्यात त्यांची गाठ माझ्यावरच पडली. कारभारीने माझ्यातूनच एक दगड उपसला आणि मच्छिंद्रच्या कपाळावर हाणला. मच्छिंद्रने रक्ताने भरलेला डोळा मिटून कुदळीच्या दांड्याने कारभारीचं मनगट मोडलं. हाडाचा आवाज मी ऐकला. ज्या दगडांवर भीमाच्या अंगठ्याचं रक्त सांडलं होतं, त्यांवर आता त्याच्या दोन्ही पोरांचं रक्त सांडलं. गावकऱ्यांनी येऊन दोघांना ओढून वेगळं केलं. त्यानंतर ते भाऊ एकमेकांशी बोललेच नाहीत.

माझ्याकडे प्रेमाने येणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते फार लहान होतं. मच्छिंद्र आणि त्याची बायको मनकर्णा यांची मुलगी दिशा. मनकर्णा गाईसाठी माझ्यावरचं गवत कापायची आणि दिशा माझ्याशेजारी फतकल मारून बसायची. तिला माती खायची सवय होती. चिमटीने माझं ढेकूळ फोडायची, आधी हुंगायची, मग हळूच जिभेवर ठेवायची. मनकर्णाने पाहिलं की पाठीत धपाटा बसायचा. "काय गं खातीस? घरात भाकर न्हाई का?" दिशा रडायची आणि आईची पाठ फिरली की पुन्हा हात घालायची. खरं सांगू का, मला तिचं फार कौतुक वाटायचं. फाळ आणि कुदळ यांखेरीज मला कोणी हात लावत नव्हतं, आणि ही पोर मला चवीने खात होती. पोटभर खा, मी मनात म्हणायचो.

पुढे जे झालं ते ऐकताना हे वाक्य लक्षात ठेवा.

कारभारीने रस्त्याकडेचा, म्हणजे माझ्या वरच्या अंगाचा तुकडा बाहेरगावच्या एका माणसाला भाड्याने दिला. त्याने पत्र्याचं शेड ठोकलं आणि ट्रकमधून जुन्या बॅटऱ्या यायला लागल्या. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, घरातल्या इन्व्हर्टरच्या. दोन माणसं दिवसभर त्या बॅटऱ्या दगडावर ठेवून कुऱ्हाडीने फोडायची. एका घावात टवका उडायचा, दुसऱ्यात पोट फाटायचं आणि आतलं ॲसिड जमिनीवर ओतलं जायचं. ते उताराने चरचरत माझ्यापर्यंत यायचं. आतल्या शिशाच्या पट्ट्या भट्टीत वितळायच्या आणि भट्टी पेटायची गॅरेजमधून आणलेल्या जळक्या ऑइलवर. त्याचे पिंप माझ्या पाठीला टेकवून रांगेने ठेवलेले होते आणि एकही धड नव्हतं. सगळे गळके.

ॲसिड पहिल्यांदा आत शिरलं तेव्हा गांडुळं वर आली. भर उन्हात, एकमेकांवर लोळत, अंगाला पीळ देत ती माझ्या पाठीवर मेली. त्यांच्यामागून ऑइल आलं. ऑइलने माझ्या कणाकणाला असा लेप दिला की पाणी मुरायचं बंद झालं, हवा आत यायची बंद झाली. तुमचं नाकतोंड कोणी चिंधीने दाबून धरलं तर कसं वाटेल, तसं मला रोज वाटायचं. मुंग्या गेल्या. मुंगसाने पिल्लं तोंडात धरून बिऱ्हाड हलवलं. भट्टीचा धूर खाली बसायचा आणि राखाडी धूळ गवताच्या पात्यापात्यावर साचायची. ते शिसं होतं. पालापाचोळा कुजतो, शेण कुजतं, मेलेलं जनावरही कुजून माती होतं. शिसं कुजत नाही. ते नुसतं बसून राहतं आणि येईल त्याची वाट पाहतं.

यातही कारभारीला भावाचा राग विसरता आला नाही. तो शेडवाल्याला म्हणाला, "त्या बांधावर वतून टाका जरा जळकं ऑइल. मच्छ्याची गाय फुकट पोसतोय त्यो." शेडवाल्याला काय, तेवढीच घाण कमी. त्याने पिंप कलंडवून माझी वरची बाजू ऑइलने न्हाऊ घातली. चार दिवसांत हराळी जळाली. हराळी जळाली म्हणजे माझे दोर तुटले, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याआड काळ्या पाण्याचं डबकं साचायला लागलं होतं, आणि ते अंगावर घेऊन मी एकटा उभा होतो.

खालून मच्छिंद्रची कुदळ चालूच होती. मनकर्णा त्याला म्हणाली, "अवो, नका लावू बांधाला हात. वरून कसलं काळं पानी साचलंय, दिसत न्हाई का?"

"त्यानं वरून खाल्ला त्ये दिसत न्हाई तुला? आन् मी खालनं घेतला की दिसतंय व्हय?"

"माझं ऐका एकडाव."

"तू गवात काप."

त्याने ती माती कांद्याच्या रोपाच्या वाफ्यात पसरली. रोप शेंड्याकडून पिवळं पडलं आणि बसलं. मच्छिंद्रने बियाणेवाल्याला शिव्या दिल्या. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

दिशा मात्र येतच होती. एक दिवस ओठ चाटत ती आईला म्हणाली, "आई, बांध आंबट लागतोय. चिंचंवानी."

मित्रांनो, तेव्हा मला हात असते तर मी तिला ढकलून दिलं असतं. तोंड असतं तर गुराढोरासारखा ओरडलो असतो. मला काहीच नव्हतं. ती आंबट चव ॲसिडची होती आणि ॲसिडबरोबर शिसं होतं. चव आवडली म्हणून ती आता पूर्वीपेक्षा जास्त खायला लागली. फ्रॉकच्या खिशात ढेकळं भरून घरी न्यायला लागली. तिची गोबरी बोटं माझ्यात शिरली की पूर्वी मला बरं वाटायचं, आता माझा थरकाप व्हायचा. मी दिवसेंदिवस तिला मारत होतो आणि ती माझ्याजवळ बसून गाणं म्हणत होती.

पोर पांढरीफटक पडली. पोट धरून बसायची, उगाच किंचाळायची, बोलता बोलता शब्द विसरायची. मनकर्णाला वाटलं जंत झाले असतील. तिने ओव्याचं पाणी दिलं. शेजारच्या म्हातारीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दिशाच्या ओठांच्या कडांना माझी माती लागलेली असायची, पण ती तर जन्मापासून लागलेली होती, मग त्यात कोणाला काय वेगळं दिसणार?

आधी गाय गेली. तिचं नाव चंद्री. मनकर्णा तिला माझ्या खालच्या अंगाचं गवत घालायची. वरचं ऑइलने जळालं होतं, खालच्यावर ती राखाडी धूळ होती. चंद्रीचे डोळे एका सकाळी गेले. उघड्या डोळ्यांनी ती गव्हाणीला धडकली. मग दात खायला लागली, इतक्या जोरात की मला इथवर ऐकू येत होतं. दुपारी तिने दावं तोडलं आणि वावरात घुसली. फेस गाळत, हंबरत, दिसेल त्याला धडक देत ती थेट माझ्यावर आली आणि माझ्या दगडांवर कपाळ आपटायला लागली. एकदा, दोनदा, पुन्हा, पुन्हा. एक शिंग मुळातून निखळलं. मनकर्णा दाव्याचं टोक धरून ओढत होती आणि रडत होती. "चंद्रे, अगं म्या हाय. म्या हाय गं." चंद्री आडवी झाली, चारही पाय झाडले आणि माझ्या पायथ्याशी थंड झाली.

"कारभाऱ्यानं इख घातलं," मच्छिंद्र म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टर आल्या. अनन्या मॅडम म्हणतात त्यांना. तरुण बाई, पण रक्ताला न बिचकणारी. त्यांनी गाय तिथेच फाडली. पोटातून काळे-करडे कण निघाले, ते त्यांनी हातमोज्यावर घेऊन उन्हात धरले. मग वरच्या शेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खाली बसून माझी माती उकरली आणि हुंगली.

"हिला गवत कुठलं घालत होतात?"

"ह्या बांधाचं," मनकर्णा म्हणाली.

"हे शिसं आहे. या मातीला कोणी हात लावायचा नाही. गवत नाही, भाजी नाही, काही नाही. घरात लहान मूल आहे का?"

मनकर्णा हळूहळू मागे वळली. माझ्या टोकाला दिशा बसली होती आणि तिचं तोंड चालू होतं.

मनकर्णाने झेप घेतली. पोरीच्या तोंडात बोटं घालून तिने माती बाहेर काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. दिशा गुदमरून ओकली तरी तिची बोटं थांबेनात. शेवटी मॅडमनी तिचा हात धरला. "मनकर्णाबाई, पुरे. नगरला नेऊ या. आत्ताच्या आत्ता." वस्तीवरचा भाजीचा टेम्पो निघाला. मॅडम पुढे बसल्या, मनकर्णा दिशाला छातीशी घेऊन बसली.

"अवो, चढा की," तिने नवऱ्याला हाक मारली.

"तुमी व्हा फुडं," मच्छिंद्र म्हणाला. त्याची नजर शेडवर होती आणि हात शेजारी पडलेल्या कुऱ्हाडीकडे गेला होता.

आभाळ तेव्हाच भरून आलं होतं. परतीचा पाऊस आमच्याकडे असाच येतो, दिवसाढवळ्या अंधारून आणि कोणाचं काही न ऐकता. थेंब पडायला लागले तेव्हा मच्छिंद्र शेडपर्यंत पोचला होता. त्याच्या हातातली कुऱ्हाड पाहून बॅटऱ्या फोडणारे दोघे रस्त्याने पळाले. त्याने पत्रे फोडले, भट्टीचं धुराडं पाडलं. मग तो पिंपांकडे वळला. माझ्या पाठीला टेकवलेल्या एकेका पिंपावर तो घाव घालत गेला. "माझ्या लेकीला मारलं. माझ्या लेकीला मारलं." प्रत्येक घावाबरोबर काळं ऑइल उसळत होतं आणि माझ्यावर सांडत होतं. रागाच्या भरात त्याला एवढंही कळलं नाही, की ते सगळं माझ्याआड साचतंय आणि माझ्या खाली त्याचंच वावर आहे.

कारभारी धावत आला. त्याच्या हातात पहार होती. दोघे माझ्या पाठीवर भिडले. एका माणसाचं पाऊल मावेल एवढाच मी उरलो होतो आणि त्यावर दोन सख्खे भाऊ एकमेकांचा जीव घ्यायला उभे होते. पहार मच्छिंद्रच्या खांद्यावर बसली. कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू कारभारीच्या तोंडावर बसली, दात पडले. पाऊस असा कोसळत होता की रक्त दिसायच्या आत वाहून जात होतं. माझ्यामागे पाणी चढत होतं. दोर नव्हते, अंग पोखरलेलं होतं, ऑइलने कण कणाला धरेना. मी होतं नव्हतं ते बळ लावलं. भीमाचा शब्द आठवला. पण बळ नव्हतंच मित्रांनो, ते या दोघांनी वर्षानुवर्षं कोरून खाल्लं होतं.

मी मधोमध फुटलो.

दोघेही माझ्याबरोबर खाली गेले. काळं पाणी, ॲसिड, राख, दगड, सगळं एकदम मच्छिंद्रच्या वावरात घुसलं. चाऱ्याचा लसूणघास आडवा झाला, वाफे गेले. भीमाने बसवलेला तो मोठा दगड गडगडत आला आणि कारभारीच्या पावलावर बसला. तो चिखलात उताणा पडला होता, हलता येत नव्हतं. मच्छिंद्र उठला. चिखलातून त्याने कुऱ्हाड शोधून काढली आणि भावाच्या डोक्याशी येऊन दोन्ही हातांनी ती उचलली.

कारभारीने हात जोडले नाहीत. तो दुसरीकडेच पाहत होता. "मच्छ्या," तो रक्त थुंकत म्हणाला, "पानी हिरीकडं चाललंय."

मच्छिंद्रने मान वळवली. काळा लोंढा उताराने विहिरीकडे निघाला होता. दोन्ही घरांची पोरं त्याच विहिरीचं पाणी पीत होती. कुऱ्हाड क्षणभर वरच राहिली. मग त्याने ती फेकली, भावाच्या पावलावरचा दगड उलथला आणि तोच दगड छातीशी धरून विहिरीकडे धावला.

नंतर जे झालं ते मी विखरून पडल्या जागेवरून पाहिलं. मच्छिंद्र माझे दगड उचलून विहिरीच्या वरच्या अंगाला रचत होता. कारभारी चेचलेलं पाऊल ओढत, कोपरांवर सरपटत त्याच्याकडे दगड ढकलत होता. "ह्यो घे. फटीत चिखूल मार. खालचा न्हाई, पल्याडचा घे." कित्येक वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते. चिखल आणि दगडांचा एक वेडावाकडा बांध उभा राहिला. काळं पाणी त्याला धडकलं आणि वळून खालच्या चरातल्या खड्ड्यात जाऊन बसलं. विहीर वाचली. ज्यांनी मला खाल्लं, त्यांनीच मला पुन्हा रचलं. दगडाला दगड कसा बसवायचा हे त्यांच्या बापाने त्यांना शिकवलं होतं, ते हात विसरले नव्हते.

इथे गोष्ट संपली असती तर मलाही आवडलं असतं. पण माणसं मला ठाऊक आहेत.

शेडवाला पुन्हा दिसला नाही. प्रदूषण खात्याचे साहेब लोक आले, माझी माती पिशव्यांत भरून घेऊन गेले आणि काही दिवसांनी पुन्हा आले. त्यांनी सांगितलं की दोन्ही वावरांतली वरची माती आणि हा सगळा बांध उकरून, लांब नेऊन, विषारी कचऱ्याच्या पक्क्या खड्ड्यात पुरावा लागेल. वावर पुन्हा पिकाला यायला कितीतरी वर्षं जातील. दोन्ही भाऊ समोर उभे होते, एक कुबडीवर आणि एकाचा हात गळ्यात. साहेबांनी विचारलं, "हा बांध कोणाच्या हद्दीत येतो? ज्याचा असेल त्याने उकरून द्यायचा."

कारभारी पायाच्या पट्टीकडे पाहायला लागला. "बांध तसा मच्छिंद्रच्याच अंगाला हाय," तो म्हणाला.

"छ्या, त्यो पैल्यापासून दादाचा," मच्छिंद्र म्हणाला.

ज्या वितीसाठी त्यांनी एकमेकांची हाडं मोडली, ती वीत आता दोघांनाही नको होती. फुटलो तेव्हा दुखलं नव्हतं इतकं मला ते ऐकून दुखलं.

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. मनकर्णा उतरली, कडेवर दिशा. दवाखान्यात पोरीच्या रक्तातून शिसं काढायची औषधं सुरू होती. आणखी बरेच खेटे घालायचे होते. पोर वाचेल, डॉक्टर म्हणाले होते, पण शिकण्या-बोलण्यात किती मागे राहील ते आज सांगता येत नाही. मनकर्णाने सगळ्यांची तोंडं पाहिली, काय चाललंय ते विचारलं आणि ऐकून घेतलं. मग ती माझ्या फुटक्या टोकाशी येऊन उभी राहिली.

"सायेब, बांध माझा हाय. माझं नाव लावा."

"मनकर्णे, तू गप," मच्छिंद्र म्हणाला.

"का गप बसू? तुमच्या दोघांचा कवा हुता ह्यो बांध? तुमी नुसता वरबाडला त्येला. माझ्या लेकीच्या पोटात गेलाय त्यो. मंग माझाच की."

कारभारीने कुबडी बाजूला टेकवली, खाली बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. मच्छिंद्र फावडं आणायला घराकडे गेला. थोड्या वेळाने तो दोन फावडी घेऊन आला.

दोघांच्या जखमा भरल्या, आणि आज माझं उकरणं चाललं आहे. जेसीबी मधला भाग काढतो आहे आणि कडेचं दोघे भाऊ हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून ट्रॉलीत भरत आहेत. मला घेऊन जातील तिथे ना पाऊस असेल ना मुळं. मित्रांनो, जाता जाता एवढंच सांगतो. मातीला तोंड नसतं, ती काय गिळते आहे हे सांगू शकत नाही. तुमच्या गॅरेजचं ऑइल, फुटकी बॅटरी, रंगाचे डबे बांधावर फेकताना तुम्हाला वाटतं, गेलं, संपलं. ते जात नाही. ते आमच्या पोटात राहतं आणि मग आमच्याकडून कोणाच्या तरी पोटात जातं. आणि बांध कोरू नका. तो भावाला अडवण्यासाठी घातलेला नसतो.

दिशाला मनकर्णाने लांब, रस्त्याकडेला उभं केलं आहे. तिथून ती केव्हाची माझ्याकडे पाहते आहे. आता ती आईचा हात सोडून चालत ट्रॉलीपाशी आली. कोणाला काही कळायच्या आत तिने पाठीवरचं अंगणवाडीचं दप्तर उघडलं, तळाशी जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेलं ढेकूळ काढलं. ते माझंच होतं, आंबट व्हायच्या आधीचं की नंतरचं, मलाही ओळखता येईना. तिने ते नाकाशी नेलं. सगळे जागच्या जागी थिजले. मच्छिंद्रचं फावडं हवेतच राहिलं.

तिने नुसतं हुंगलं. मग टाचा उंच करून, दोन्ही हातांनी, ते ट्रॉलीत माझ्याजवळ ठेवलं आणि शब्द शोधत शोधत म्हणाली, "बांध... आजारी हाय."

एवढ्या माणसांत हे ओळखणारी ती एकटीच निघाली.